माणशी एक मूठ

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत लोकांनी मला एक नाव चिकटवलं होतं. पागी. आमच्याकडे घरफोडी झाली किंवा बैल चोरीला गेला की पागी बोलावतात. तो वाळूतली, धुळीतली पावलं बघत बघत माग काढत जातो. मी माणसांचा माग काढायचो. कोण आजारी पडलं, त्याच्या घरी कोण येऊन गेलं, तिथून ते कुठे गेलं, आणि आता ते धड आहे का. म्हणून मी 'पटकीचा पागी'. नाव ठेवणाऱ्यांनी चेष्टेनंच ठेवलं होतं आणि सुरुवातीला ते कानावर पडलं की माझं डोकं फिरायचं. आता म्हातारपणी मला त्या नावाचा अभिमान वाटतो. फरक एवढाच की खऱ्या पाग्याला जमीन सगळं दाखवते. मला माणसांनी सांगावं लागायचं, आणि सांगण्यात त्यांचंच नुकसान असायचं. तरी त्यांनी सांगितलं. माझ्या आयुष्याचं जे काही बरं झालं, ते त्यांच्या सांगण्यामुळे झालं, असं मला मनापासून वाटतं.

पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. पटकी देशोदेशी फिरते आहे, अमक्या बंदरावर जहाज अडवलं, तमक्या शहरात जत्रा बंद केल्या, असली छापील पत्रकं धुळ्याच्या कचेरीतून आमच्याकडे यायची. आमच्याकडे ना बंदर ना जहाज. आमच्याकडे पटकी बैलगाडीतून यायची, वऱ्हाडाबरोबर यायची, बाजाराहून परतणाऱ्या माणसाच्या पाण्याच्या भोपळ्यातून यायची. लोकल बोर्डाच्या आरोग्य खात्यानं तळोद्याला एक ठाणं उघडलं आणि मला इन्स्पेक्टर करून माग काढायचं काम माझ्या गळ्यात घातलं. हाताखाली एक शिपाई, एक लस टोचणारा, आणि फिरायला एक घोडी. घोडीला माझ्यापेक्षा जास्त राग यायचा, त्यामुळे आमचं बरं जमलं.

काम ऐकायला सोपं होतं. गावात आजारी माणूस निघाला की त्याच्या घरी जायचं. विहिरीत, झिऱ्यात लाल औषध टाकायचं. मग विचारायचं, या दिवसांत घरात कोण कोण होतं, कोण जेवलं, कोण पाणी प्यालं, कोण परगावी गेलं. ज्या गावी गेलं असेल तिथल्या पोलीस पाटलाला जागल्याकरवी निरोप धाडायचा आणि पाठोपाठ आपण पोचायचं. माणूस आजारी पडण्याआधी पोचलो तर आमचं काम झालं. आजारी पडल्यावर पोचलो तर निदान त्याच्या शेजाऱ्यांपुरतं झालं. गेल्यावर पोचलो तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सगळं अडायचं ते विचारण्यापाशी. मी इथलाच, नंदुरबारजवळच्या शेतकरी घरातला. घरी आम्ही अहिराणीच बोलायचो. पण खात्याची टोपी डोक्यावर चढली की माझ्या तोंडून शाळेतलं मराठी बाहेर पडायचं, आणि ते कसं, तर मास्तर छडी घेऊन उभा आहे असं. उत्तर यायला उशीर झाला की माझा आवाज चढायचा. माझी बायको म्हणायची, "तुम्ही असा डोळा काढीसन इचारतस, मंग कोन सांगी? मी तुमनी बायको शे, मी बी नही सांगाव." तिचं म्हणणं मला पटायचं, पण ते घरी. गावात शिरलो की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. तापी आटून मधल्या धारेपुरती उरली होती आणि काठावरची गावं वाळूत झिरे खणून पाणी भरत होती. अशाच एका गावातून निरोप आला की एका शेतकऱ्याचा धाकटा मुलगा पटकीनं गेला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. आधी आसपासची घरं विचारून घेतली, मग त्या घरी गेलो. ओट्यावर सुतकाची माणसं बसली होती. घरधनी पन्नाशीचा, अंगानं आडवा, बोलायला कमी. त्याचा थोरला मुलगा खांबाला टेकून उभा होता. आत सून आणि घरधनीण. चूल पेटलेली नव्हती.

लग्नाच्या वयाला आलेला मुलगा काल गेलेला, आणि मी टोपी घालून उभा. मला काय त्याचं दुःख कळत नव्हतं? कळत होतं. पण दुःख कळलं की मी आणखीच घाई करायचो, कारण पुढचं मरण टाळायचं असायचं. मी विचारलं, "या आठवड्यात घरात बाहेरचं कोण आलं होतं?"

"कोनी नही," घरधनी म्हणाला.

"आजाऱ्याची उस्तवार कोणी केली?"

"त्यानी मायनी."

"आणखी कोणी शिवलं? त्याचे कपडे कोणी धुतले? कोणी काही घेऊन गेलं?"

"सांगं ना एकदाव. कोनी नही."

थोरल्यानं मान खाली घातली. सून दारात येऊन ऐकत होती, ती पदर ओढून आत गेली. इतक्या वर्षांत मला एवढं कळायला लागलं होतं की या घरात काहीतरी लपवलं जातंय. आणि ते कळल्याबरोबर माझा पारा चढला. मी म्हणालो, खोटं बोलाल तर पोलीस आणीन. घरधन्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आना," एवढंच म्हणाला.

शब्दानं शब्द वाढला असता, पण तेवढ्यात गावात डफ वाजायला लागला. मातेची गाडी निघणार होती.

ही गाडी म्हणजे सुतारानं केलेली लहानशी लाकडी गाडी. तिच्यावर मातीची माता, लाल कापड, लिंबाचा पाला. साथ आली की गाव ती गाडी दारोदार फिरवतं, मग वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडतं. पुढचं गाव ती उचलून आपल्या पुढच्या शिवेवर नेतं. अशी माता गावाबाहेर, गावाबाहेर जात राहते. धुळ्याच्या कचेरीचा हुकूम होता की या गाड्या बंद करा, त्यांच्या निमित्तानं माणसं एका गावाची दुसऱ्या गावात मिसळतात. हुकूम काही चुकीचा नव्हता. मी तरातरा चावडीपाशी गेलो आणि गाडी थांबवायला सांगितलं.

मातेचा भगत म्हातारा होता. तो म्हणाला, "थांबाडसू ना. मंग मातेले तुम्ही तळोदाले लई जा. तुमना ठाणामा ठेवा." सगळे हसले. काल प्रेतयात्रेला गेलेली माणसंही हसली. मीही हसलो असतो, पण टोपी होती डोक्यावर.

पोलीस पाटील शहाणा माणूस होता. त्यानं मध्यम मार्ग काढला. खालच्या गावातही साथ होती आणि त्या गावानं आपली गाडी कालच या शिवेवर आणून सोडली होती. म्हणजे यांनी आपली गाडी तिकडे न्यायची तर दोन्ही माता शिवेवर समोरासमोर यायच्या. ही अडचण भगतालाही पटली. असं ठरलं की गाडी दारोदार फिरेल, पण आपल्याच शिवेत, नदीकाठच्या बाभळीखाली ठेवायची, पुढे द्यायची नाही. माझा आब राहिला, त्यांची माता निघाली. मी मात्र रागारागानं गाडीच्या बरोबर चालायला लागलो, कारण ठरल्याप्रमाणे होतं की नाही हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

तेव्हा मला त्या गाडीची रीत पहिल्यांदा नीट दिसली. गाडी दारापाशी थांबे. घरातली कर्ती बाई जुवारीचं सूप घेऊन बाहेर येई आणि गाडीतल्या टोपलीत मुठीमुठीनं जुवारी टाकी. घरात जितकी माणसं, तितक्या मुठी. माणशी एक. लहान पोराची मूठ लहान.

मी पाटलाला विचारलं, "आणि कोणी परगावी गेलेला असला तर?"

"त्यानी बी टाकनी पडस. ज्यानी मूठ ऱ्हायनी, त्याना करता माता मांगे फिरस."

"मेलेल्याची?"

"नही! मरेलनी टाकी का माता रागे भरस. जित्तानीच टाकानी."

मी तसाच उभा राहिलो. सकाळपासून दारोदार हिंडून जे विचारत होतो, ते बायका न विचारता या टोपलीत टाकत होत्या. सरकारला सांगताना माणूस एखादं नाव गाळू शकतो. मातेपुढे कोणती आई आपलं माणूस गाळेल? मी रागवायचं विसरलो आणि मुठी बघायला लागलो. एका घरातून एक मूठ जास्त पडली. पाटील म्हणाला, त्यांचा जावई तीन दिवसांपूर्वी येऊन गेला, त्याची असेल. सकाळी त्या घरानं मला सांगितलं होतं की पाहुणा कोणी नाही. जावयाला कोण पाहुण्यात धरतो! मी शिपायाला जावयाच्या गावी पिटाळलं.

गाडी सुतकाच्या घरापुढे आली. घरधनीण सूप घेऊन बाहेर आली. डोळे कोरडे होते, रडून संपलेले. तिनं नवऱ्याची मूठ टाकली, आपली टाकली, थोरल्याची टाकली, सुनेची टाकली. घरात जिती माणसं इतकीच. गाडीवाल्यानं दोर ओढायला हात घातला. तिनं गाडीच्या काठावर हात ठेवला, आणखी एक मूठ भरली, अगदी गच्च, आणि टाकली. मग तीन बोटांत मावेल एवढी चिमूटभर जुवारी घेतली आणि तीही टाकली.

डफ वाजवणाऱ्याचा हात क्षणभर थांबला. घरधनी बायकोच्या हाताकडे बघत होता. मग तो उठला, खांद्यावर उपरणं टाकलं आणि काही न बोलता गाडीच्या मागे चालायला लागला. सुतकातला माणूस असून त्याला कोणी अडवलं नाही.

मी पाटलाला बाजूला घेतलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं. या घरात एक लेक होती. दोन वर्षांपूर्वी ती घरच्या सालदाराबरोबर, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याबरोबर, निघून गेली. सालदार डोंगरातला, तळोद्याच्या वरच्या अंगाच्या पाड्यातला. बापानं त्या दिवशी नदीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली. माणूस मेल्यावर करतात ती आंघोळ. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव निघत नाही. जातीतली माणसं टपूनच होती. घरानं तिला परत थारा दिला असं कळलं असतं तर सगळ्या घराला वाळीत टाकलं असतं, थोरल्याच्या सासरपर्यंत.

म्हणजे आईनं आज भर गावापुढे एवढंच सांगितलं होतं की माझी लेक जिती आहे. आणि तिला एक मूल आहे.

पण एवढ्यानं माझं काम होत नव्हतं. आईला लेकीची आठवण आली म्हणून मूठ टाकली, की लेक इथे येऊन गेली म्हणून टाकली? आली असेल तर डोंगराकडच्या कुठल्यातरी पाड्यात एक बाई आणि तिचं तान्हं मूल आत्ता, या घटकेला, धोक्यात होतं. आणि हे मला फक्त ती आईच सांगू शकत होती. सांगितलं आणि ते फुटलं, तर तिचं घर जात होतं. न सांगितलं तर लेक.

पुरुष गाडीबरोबर गेले होते. मी लाल औषधाची बाटली घेतली आणि घरातल्या रांजणात औषध टाकायच्या निमित्तानं आत गेलो. टोपी काढून काखेत धरली. सून चुलीपाशी होती, ती हलली नाही. घरधनीण रांजणावरचं झाकण धरून उभी राहिली. मी औषध टाकलं, पाणी गुलाबी झालं, आणि मी आमच्या घरी बोलतो तसं बोललो.

"माय, ती शेवटली मूठ कोन्ही व्हती?"

तिनं दाराकडे पाहिलं.

"मातेले सांगं तू. आते माले सांग. माता तिना घरपावत पोचाना पहिले मी पोचसू."

तिनं झाकण रांजणावर ठेवलं आणि सुनेकडे पाहिलं. सुनेनंच मागून म्हटलं, "सांगी द्या आत्या. हाऊ भाऊ ओरडाव नही."

हे वाक्य मला अजून आठवतं. त्या सुनेचे मी किती आभार मानू! सकाळी तिनं माझा आवाज ऐकला होता, तरी तिनं माझी हमी घेतली.

मग आईनं सांगितलं. तळोद्याच्या बाजारात लेकीला कोणाकडून तरी कळलं की भाऊ आजारी आहे. ती पहाटेची निघाली, मूल नवऱ्यापाशी ठेवून, पायी. पुरुष खळ्यावर असताना परसातून आत आली. दिवसभर भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्याला पाणी पाजलं, ओकारी पुसली. भावानं तिला ओळखलं, हसला म्हणे. दिवस कलल्यावर ती गेली. जाताना म्हणाली, याचं काहीतरी दे, माझ्या लेकीला पांघरायला.

"मंग मी त्याना आंगखालनं धोतर दिधं. झिरावर खंगाळीसन दिधं. माले काय म्हायती, भाऊ? ती मांगस, मी नही कशी म्हनू?"

आजाऱ्याच्या अंगाखालचं धोतर, नुसतं खंगाळलेलं, तान्ह्या पोराला पांघरायला. मी ओरडलो नाही. माझ्या बायकोनं ऐकलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. मी म्हटलं, "माय, गाव सांग."

तिनं पाड्याचं नाव सांगितलं. मग माझा हात धरला. आमच्याकडे बायका परक्या माणसाचा हात धरत नाहीत. "मालकले सांगू नका," ती म्हणाली. मी तिला शब्द दिला.

त्या उन्हात घोडीनं मला जसं नेलं तसं पुन्हा कधी नेलं नाही. तळोद्याला टोचणाऱ्याला बरोबर घेतलं आणि पायथ्याच्या पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मोहाच्या झाडाखाली बाज टाकली होती. लेक तिच्यावर होती, डोळे खोल गेलेले, हाताची बोटं सुरकुतलेली. सकाळपासून जुलाब-ओकाऱ्या चालू होत्या. नवरा शेजारी बसून तिला घोटघोट पाणी पाजत होता. उंच, काळासावळा, तरणा मुलगा. सालदारकीत शिकलेली अहिराणी तो माझ्यापेक्षा मऊ बोलत होता.

मला वाटलं होतं, टोपी बघून हा पळेल नाहीतर खोटं बोलेल. त्यानं एवढंच विचारलं, "सासूनी धाडं का तुमले?" मी हो म्हटलं. त्याचा चेहरा पडायचा तर उजळला. मग विचारायच्या आत त्यानं सगळं सांगितलं. कोण कोण झोपडीत आलं, पाणी कुठून भरलं, मूल कोणाकडे दिलंय. मूल सकाळपासून त्याच्या आईच्या झोपडीत होतं. ती उचलून बाहेर घेऊन आली. सहा-सात महिन्यांची मुलगी, गुटगुटीत, माझी टोपी ओढायला हात पुढे करणारी.

"धोतर कोठे शे?" मी विचारलं.

लेकीनंच बाजेवरून हात वर करून दाखवलं. झोपडीत आढ्याला टोपली टांगली होती, तिच्यात ते घडी करून ठेवलेलं होतं. मुलीला ते पांघरलंच नव्हतं. भावाचं अखेरचं धोतर मुलीच्या मापाचं फाडायला तिचा हात धजला नाही. भाऊ गेल्याचं तिला अजून ठाऊकही नव्हतं, तरी धजला नाही. त्या धोतरानं मुलीला शिवायचं राहिलं ते एवढ्यासाठी.

नियमाप्रमाणे ते जाळायचं. मी आयुष्यात बरेच नियम पाळले, हा नाही पाळला. हंडाभर पाण्यात ते उकळायला लावलं, खळखळून, पाणी अर्धं होईपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वाळत टाकायला सांगितलं. माझ्या वरिष्ठांना मला जो दोष द्यायचा तो त्यांनी द्यावा. मला त्याबद्दल कधी वाईट वाटलं नाही.

तळोद्याच्या दवाखान्यातले डॉक्टर शिरेतून मिठाचं पाणी द्यायला शिकून आले होते. बाई तिथे पोचली तर वाचण्याची आशा होती. बाजेला बांबू बांधले. पाड्यातल्या लोकांना मी खोटं सांगितलं नाही, हा रोग कसा लागतो ते सांगितलं, हात राखेनं धुवायला सांगितलं. मला वाटलं, आता कोणी पुढे येणार नाही. पण एकेक करून आले. नवऱ्यानं तिला पहिल्यांदा पाड्यावर आणलं तेव्हा काहींनी नाकं मुरडली होती, असं त्यानं मला वाटेत सांगितलं. तेही खांदा द्यायला आले होते. खांदे बदलत बदलत, न थांबता त्यांनी ती बाज तळोद्याला आणली.

डॉक्टरांनी रात्रभर तिला पाणी चढवलं. सकाळी ती बोलली. पहिल्यांदा मुलीचं विचारलं, मग भावाचं. भावाचं मला सांगावं लागलं. नवरा पलीकडे उभा होता, तो पुढे आला आणि तिच्या पायांवर हात ठेवून बसला. मी बाहेर जाऊन घोडीला पाणी दाखवलं. मला रडू येत होतं आणि टोपीवाल्यानं लोकांपुढे रडायचं नसतं.

पाड्यावर आम्ही पुढचे दिवस रोज जात होतो. खांदा देणाऱ्यांपैकी एकालाही काही झालं नाही. मुलीलाही नाही. त्या जावयाच्या गावीही शिपाई वेळेवर पोचला होता आणि तिथेही साथ एका घरातच थांबली. पुढे मी साऱ्या तालुक्यात हेच करत राहिलो. गाडी निघाली की तिला अडवायची नाही, आपल्याच शिवेत ठेवायची गळ घालायची, आणि तिच्या बरोबर दारोदार चालायचं. नुसतं बघायचं, आणि मग मागाहून आवाज न चढवता विचारायचं. कचेरीला मी हे कधी कळवलं नाही. कळवलं असतं तर मातेच्या गाडीबरोबर हिंडणारा इन्स्पेक्टर म्हणून धुळ्याला सगळ्यांची करमणूक झाली असती.

लेक पाड्यावर परत गेल्यावर मी तापीकाठच्या त्या गावात गेलो. पुन्हा रांजणाचं निमित्त केलं. आईला म्हटलं, "माय, दोन्ही बऱ्या शेत." तिनं पदर तोंडात कोंबला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. मी बाहेर आलो.

घरधनी ओट्यावर एकटाच बसला होता. त्यानं मला बसायला सांगितलं. त्या घरात पहिल्यांदाच कोणी मला बस म्हणत होतं. मी बसलो.

"भाऊ," तो म्हणाला, "त्या दिन गाडी बाभूयखाले ठेवी. समदा मांगे फिरनात. मंग मी बी दोन मुठी टाक्यात. एक मोठी, एक धाकली."

मी त्याच्या बायकोला शब्द दिला होता. पण हा तर मला विचारत नव्हता, सांगत होता.

"मातेनी मानी लिध्यात का?" त्यानं विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"मान्यात, आबा," मी म्हणालो. "दोन्ही."

त्यानं मान हलवली. उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मी म्हटलं, "धाकली मूठनं तुमले कोनी सांगं?"

"बाजारमा लोक मन्हा पाठमांगे बोलतस. माले कान नही शेत का?" मुलगा की मुलगी, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. "आंडोर शे का आंडेर, तेवढं मातर कोनी बोलनं नही."

"आंडेर शे," मी म्हणालो. "मन्ही टोपी वढी ऱ्हायनथी."

तो हसला. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदा हसला असावा, कारण ते हसू त्याला नीट जमलं नाही. मग त्यानं मान वळवली आणि आतल्या काळोखाकडे तोंड करून, ओट्याखालच्या रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"ऐकी ऱ्हायनी का? आपले नात शे."

आत भांड्याचा आवाज थांबला. तिला हे सगळं कधीपासून ठाऊक होतं. नातीच्या पांघरुणासाठी तर तिनं धोतर दिलं होतं. तरी ती दारापर्यंत आली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि पहिल्यांदाच ऐकावं तसं नवऱ्याला विचारलं, "नात?"